अनुभव धागा: फॅनफिक्शनसाठी फ्रान्समधला रोजचा खर्च

माझी एक फॅनफिक (आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी कथा) गेले आठ महिने तिसऱ्या प्रकरणात अडकली आहे. मूळ गोष्टीत पैशांचा विषयच निघत नाही. मी मात्र नायिकेला तेवीस वर्षांची केली, पॅरिसच्या एका बेकरीत गल्ल्यावर उभी केली आणि एकटीला राहायला लावलं. तेव्हापासून ताळा जुळत नाही. पहिल्या खर्ड्यात तिला ३०० युरोत दोन खोल्या दिल्या होत्या. सायकलवरून पडल्यावर दवाखान्याचं बिल भरायला तिने आजीची अंगठी विकली, असाही एक प्रसंग होता. तिथे राहिलेल्या एका वाचक मैत्रिणीने दोन्ही खोडले.

कागदावरचे आकडे मी गोळा केले आहेत. २०२५मध्ये आठवड्याला ३५ तासांच्या कामाचा किमान पगार कापून हातात साधारण १,४२६ युरो यायचे. पण ते महिनाभर कसे पुरतात, कुठे थांबतात, हे राहिलेल्या माणसालाच माहीत. शहर, साल आणि खिशातून प्रत्यक्ष काय गेलं ते कृपया लिहा.

पॅरिस, २०१७ ते २०१९

नायिकेला 'शांब्र द बॉन' द्या. जुन्या इमारतींत छपराखाली मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या असतात, त्या आता भाड्याने देतात. माझी ११ चौरस मीटरची होती. कायद्याने ९च्या खाली भाड्याने देता येत नाही. सहावा मजला, लिफ्ट नाही, संडास बाहेर जिन्यालगत, तिघांत एक. भाडं ६२० युरो, त्यात पाणी आणि जिन्याची साफसफाई धरलेली. वीज वेगळी. हीटर विजेचा असल्यामुळे जानेवारीचं बिल पाहून मी रात्री तो बंद करून स्वेटर घालून झोपायचे.

भाड्यापेक्षा अवघड होतं ते खोली मिळवणं. घरमालक भाड्याच्या तिप्पट पगार मागतात, नाहीतर जामीनदार. तुमच्या नायिकेचा पगार तिप्पट भरत नाही. तिच्या वयाला 'व्हिझाल' नावाची फुकट हमी मिळते, पण ती मानणारा मालक शोधावा लागतो. तुमचं अख्खं प्रकरण त्या शोधावर उभं राहील. खोली सामानासकट असेल तर अनामत दोन महिन्यांपर्यंत, रिकामी असेल तर एका महिन्याची.

आणि भाडं थकलं म्हणून तिला डिसेंबरात रस्त्यावर काढू नका. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूला सक्तीने घराबाहेर काढता येत नाही. नोटिसा येतात, भीती असते, पण ती खरी पोचते एप्रिलमध्ये. मला वाटतं, गोष्टीसाठी हेच जास्त चांगलं आहे.

ब्रतान्यमधलं एक छोटं गाव, २०१५-१६

पुण्यात फ्रेंच शिकून मी शाळेत इंग्रजीची सहायक म्हणून सात महिने गेले होते. आठवड्याला बारा तास, महिन्याला हातात साधारण ८०० युरो. शाळेच्या आवारातच स्वस्तात खोली मिळाली म्हणून निभावलं.

पहिले सहा आठवडे फार कठीण गेले. पगार व्हायला तिथलं बँक खातं हवं, बँकेला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा आणि तो कागद मिळेपर्यंत पगार नाही. घरून नेलेले पैसे मी रोज रात्री मोजायचे. तेव्हा कळलं की बेकरीत अर्धा 'बागेत', म्हणजे लांब फ्रेंच पाव, मागता येतो. दुकानदार काहीही न म्हणता सुरीने मधोमध कापून देतो. शनिवारच्या बाजारात दुपारी एकच्या सुमाराला भाजीवाले आवराआवर करताना उरलेली पेटी एक-दोन युरोत देऊन टाकतात. त्या टोमॅटोंचं सार आठवडाभर पुरायचं. रविवारी गावात जवळजवळ सगळं बंद, म्हणून शनिवारी विसरलं की सोमवारपर्यंत विसरलं. शिवाय लहान दुकानांत कार्डावर पाच-दहा युरोंच्या खाली घेत नाहीत, अशी पाटी असते. खात्यात चार युरो असताना ती पाटी वाचणं काय असतं, ते नायिकेला नक्की अनुभवू द्या.

लिऑन, २०२३ ते आजपर्यंत

अंगठी विकायचा प्रसंग काढलात ते बरं झालं. माझं मनगट खरंच मोडलं होतं. इमर्जन्सीत क्ष-किरण, प्लास्टर सगळं झालं आणि दारात कुणी पैसे मागितले नाहीत. पुढे टपालाने लहानशी रक्कम आली, ती पूरक विम्याने भरली. नोकरदाराच्या त्या विम्याचा निम्मा तरी हप्ता मालक भरतो.

साध्या डॉक्टरकडे डिसेंबर २०२४पासून ३० युरो लागतात. ते आधी आपण द्यायचे, मग सरकारी विम्याकडून १९ खात्यात परत येतात आणि उरलेल्यातले बरेचसे पूरक विम्याकडून. आजारपणाने माणूस तिथे कर्जबाजारी होतो असं नाही, पण २६ तारखेला ते तीस युरो आधी काढायचे कुठून, हा प्रश्न अगदी खरा आहे. माझं विम्याचं हिरवं कार्ड यायला पाच महिने लागले. तोवर प्रत्येक वेळी तपकिरी फॉर्म भरून टपालाने पाठवायचा आणि परताव्याची वाट बघायची. मी तेव्हा ताप अंगावर काढला आहे.

तुलूझ, २०१९ ते २०२२, नवरा विमान उद्योगात

मुलीच्या शाळेतलं जेवण. एकाच टेबलावर, एकाच ताटाला प्रत्येक घराचा दर वेगळा, कारण तो उत्पन्नावर ठरतो. मुलांना याचा पत्ताही नसतो. मला हे फार आवडलं होतं. हॉटेलात पाण्याचा जग आणि पाव फुकट, सेवा बिलातच धरलेली, त्यामुळे टिप म्हणजे सुटे नाणे. आणि इथली पात्रं चॉकलेट भरलेल्या पावाला 'शोकोलातीन' म्हणतील, पॅरिसवाली 'पाँ ओ शोकोला'.

माँपेलिए

एवढंच सांगते: डिसेंबर २०२३पासून इथल्या रहिवाशांना ट्राम-बस फुकट आहे. परवाच एका फॅनफिकमध्ये इथलं पात्र तिकिटाला पैसे नाहीत म्हणून पावसात चालत गेलं.

पुणे, निवृत्त फ्रेंच शिक्षक

जुन्या काळातल्या कथा लिहिणाऱ्यांसाठी. युरोच्या नोटा-नाणी आली १ जानेवारी २००२ला, दर होता एका युरोला ६.५५९५७ फ्रँक. त्याआधी १९६०मध्ये शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा झाला होता. मी नव्वदच्या दशकात ज्या आजींकडे राहिलो, त्या घराची किंमत तेव्हाही जुन्या फ्रँकांतच सांगायच्या. आकडा ऐकून मी हबकायचो, नातू हळूच दोन शून्यं काढून सांगायचा. तुमच्या कथेतल्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी हे अवश्य घाला.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा हिशेब २०२५च्या दरांनी असा मांडला: हातात १,४२६. खोलीचे ७०० धरले. मेट्रोचा मासिक पास ८८.८०, त्यातला निम्मा बेकरीचा मालक देतो, म्हणजे ४४.४०. वीज ४५, फोन १०, धुलाईयंत्राच्या दुकानात २५. उरले सहाशेच्या आसपास, म्हणजे जेवण, कपडे, औषध, सगळं धरून आठवड्याला एकशे चाळीस. कमी पगारावर सरकारी पूरक भत्ता मिळतो, पण तिने अजून अर्ज केलेला नाही. तो फॉर्म शेजारची बाई चौथ्या प्रकरणात भरून देईल.

एकच अडलंय. बेकरीत रात्री उरलेला पाव कामगार घरी नेतात का?

पॅरिस, २०१७ ते २०१९

माझ्या खालच्या बेकरीतली मुलगी न्यायची. आठ वाजता शटर अर्धं खाली आलं की कागदी पिशवीत दोन 'बागेत' घालायची आणि एक सहाव्या मजल्यावर माझ्या दाराच्या मुठीला अडकवून जायची.