फिशफाइंडर ४० फुटांवर मासे दाखवून राहिला, गळाला एकही नाही. मदत हवी

गळघाई: तीन रविवार झाले. फिशफाइंडरच्या (पाण्यात आवाज सोडून मासे दाखवणारं मशीन) स्क्रीनवर ३८-४० फुटांवर माशांच्या मस्त कमानी येतात, मी लूर (नकली आमिष) बरोबर ४० फूट सोडतो, दोन दोन तास ट्रोलिंग (चालत्या नावेमागं गळ ओढणं) करतो अन् हाती भोपळा. मशीन खराब आहे का? लवकर सांगा, परवा पुन्हा जाणं आहे.

रामटेकवाला: तलाव कोणता? नावेचा वेग? दोरीला वजन किती? डॉक्टरकडं जाऊन नुसतं 'दुखते' म्हणाल्यावर तो काय सांगणार भाऊ. अन् तोतलाडोह असेल तर ते पेंचच्या जंगलात येते, तिथं मासेमारी बंद आहे.

गळघाई: तोतलाडोह नाही हो. ठेकेदाराला विचारूनच जातो. मशीनचं सांगा ना.

मालवणी_जावई: सेटिंगमध्ये गोडं पाणी करा. माझं खाऱ्यावर राहिलं होतं. आवाज समुद्रात सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास जातो, गोड्यात थोडा हळू, म्हणून खोली चुकते.

रामटेकवाला: त्यानं ४० फुटांत एक-दीड फूट इकडंतिकडं. एवढ्यानं मासा उपाशी राहते का?

बॅटरीभाऊ: मी १२ व्होल्टची ७ एएच वापरतो, दिवसभर चालते.

गळघाई: बॅटरी कोणी विचारली? वजन १०० ग्रॅम शिसं, वेग पाच-सहा किमी. दोरी मागं जवळजवळ आडवीच राहते.

रामटेकवाला: घ्या! हे पहिले सांगायचं होतं. सोडलेली दोरी म्हणजे खोली नाही. पाण्याशी ३० अंशांचा कोन असला तर ४० फूट दोरी २० फुटांवरच राहते, तुमची तर आडवी आहे म्हणता. मासे खाली, लूर वर हवा खात फिरून राहिली. नाव थांबवा, शिसं ट्रान्सड्युसरच्या (मशीनचा आवाज सोडणारा भाग) खाली सरळ सोडा, स्क्रीनवर त्याची रेघ खाली जाताना दिसते. मग वजन वाढवा, वेग निम्मा करा.

मालवणी_जावई: बीम (खाली पसरणारा आवाजाचा झोत) रुंद असेल तरी खोली चुकते. ६० अंशांच्या बीममध्ये कडेला असलेला ४० फुटांवरचा मासा ४६ वर दिसतो, कारण मशीन तिरकं अंतर मोजते.

जुना_कोळी: ते सोडा. कमानी रोज एकाच जागी येतात का? नाव चालू असली की खालची फांदीही कमान काढते. धरणाच्या पोटात बुडीत झाडं असतात बाबू. अन् कटला, रोहू असतील तर लूर घेणार नाहीत, शिवडा घेईल, तो शिकारी मासा.

गळघाई: एकाच जागी म्हणजे... हो, त्या जुन्या बांधाच्या वळणावरच. तिन्ही वेळा.

रामटेकवाला: 😄

गळघाई (रविवारी रात्री): अर्धा किलो शिसं लावलं, वेग कमी केला, रेघ बरोबर ४० वर पाहिली. पहिल्याच फेरीत हिसका बसला, मी ओरडलोच. वर आली वीतभर काळी फांदी, लूर पाण्यातच गेली, ४५० रुपयांची. जुन्या कोळीभाऊंना नमस्कार. बांध सोडून दुसरीकडं कुठं पाहू?

बॅटरीभाऊ: बॅटरी किती वेळ चालली?