१९३० ची पेनी: गुंतवणूक की हौस?

मेलबर्नकर: मंडळी, दहा वर्षं इथे आहे, थोडे पैसे साठलेत आणि ऑस्ट्रेलियाचं जुनं नाणं, १९३० ची पेनी, घ्यायचं जवळजवळ ठरलंय. महामंदीच्या काळात मेलबर्नच्या टांकसाळीत अगदी थोड्याच पडल्या, अंदाजे दीड हजार म्हणतात. साधी ब्राँझची, पण झिजलेलीलासुद्धा हजारो डॉलर मोजावे लागतात. पुन्हा कधी बनणार नाही अशी वस्तू आहे, सोनं घेतो तशीच घ्यावी असं माझं मत.

जुनंपानं: दादा, सोन्याशी तुलना नको. सोनं कुठल्याही सराफाकडे त्या दिवसाच्या भावाने मोडता येतं, पेनीला गिऱ्हाईक शोधावं लागतं नाहीतर लिलावात द्या, तिथे विकणाऱ्याकडूनही कमिशन आणि घेणाऱ्याकडूनही. मी एक चांदीचा फ्लोरिन, म्हणजे जुनं दोन शिलिंगचं नाणं, घेतला होता, डीलरने अनसर्क्युलेटेड, म्हणजे कधी न वापरलेला, म्हणून दिला, तीन वर्षांनी दुसऱ्याने भिंगाखाली धरला तर सगळीकडे बारीक ओरखडे, कधीतरी कुणीतरी पॉलिश मारलेलं. निम्मे पैसे आले.

मेलबर्नकर: म्हणून तर ग्रेडिंग सर्टिफिकेटवालीच, म्हणजे नाण्याचा दर्जा तपासून लिहून दिलेलीच घेणार. राजाच्या मुकुटाच्या पट्टीवरचे मोती मोजायचे, बहुतेक पेन्या खिशाखिशातून फिरून गुळगुळीत झाल्यात, सहा मोती दिसले की भाव कुठच्या कुठे जातो.

पार्लेकरीण: मोती मोजाल पण तारखेचं काय, १९२० किंवा १९३६ च्या पेनीचा आकडा कोरून १९३० करतात हो! आणि हौसच असेल तर माझ्याकडे १९४२ ची पेनी आहे, राजाच्या गळ्याखाली बारीकसं इंग्रजी अक्षर 'आय', म्हणजे आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडलेली, युद्ध चालू होतं तेव्हा. किरकोळ पैशात मिळाली, मी ती जन्मात विकणार नाही.

जुनंपानं: ताई अगदी बरोबर, हौस वेगळी. पैसाच सांभाळायचा असेल तर १९६६ चे गोल पन्नास सेंट घ्या दादा, ८० टक्के चांदी, एकेका नाण्यात दहा ग्रॅमच्या वर. चांदीच महाग झाली म्हणून ते बंद केले आणि १९६९ ला बारा कोनी आणलं. दुर्मिळ नाहीत, साडेतीन कोटींच्या वर पडलेत, पण चांदीचा भाव तरी कुठे जात नाही.

मेलबर्नकर: ते पोतंभर घेतले तरी ती पेनी होणार नाही ना. माझं मत तेच आहे, पण घाई करत नाही. शनिवारी एक बघायला चाललोय, भिंग कितीचं नेऊ?

पार्लेकरीण: दहा पटीचं न्या. आधी तारीख बघा, मोती नंतर.