चित्रोपचाराची जपानी पद्धत शिरोळमध्ये वापरू का?

मृद्गंध (कोल्हापूर)
नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंध वेगवेगळ्या संस्कृतींमधल्या चित्रोपचारावर आहे. जपानी मनोविकारतज्ज्ञ हिसाओ नाकाई यांनी 1969 मध्ये निसर्गदृश्य काढून घ्यायची एक पद्धत बसवली. उपचारक कागदावर स्वतः पेनने चौकट आखून देतो. मग एकेक गोष्ट सांगतो: नदी, डोंगर, भातशेत, रस्ता, घर, झाड, माणूस, फूल, प्राणी, दगड. शेवटी मनाला येईल ते घालायचं आणि रंगवायचं. शिरोळ तालुक्यातल्या मानसिक आरोग्याच्या एका डे केअर सेंटरमधल्या बायकांसोबत हे करावं असं मनात आहे. पण तिकडे नजर जाईल तिथे ऊस. भातशेताऐवजी ऊस सांगू का? आणि काळा रंग म्हणजे निराशा वगैरे अर्थांचा तक्ता कुठे मिळेल?

वाळवण
मृद्गंध, मी सरकारी मनोरुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी विभागात होते, आता निवृत्त आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहिते.

उसाचं नंतर बघू. तुमच्या यादीत पहिला शब्द नदी आहे. 2019 आणि 2021 साली शिरोळमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. दावणीची जनावरं सोडून छावणीत राहिलेल्या बाईला कोऱ्या कागदावर सर्वांत आधी नदी काढायला सांगणार आहात तुम्ही. म्हणून ती चौकट महत्त्वाची. जे उमटेल ते या रेघांच्या आत राहील, हा आधार त्यातून मिळतो. नाकाईंनी ही पद्धत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत काम करताना घडवली, त्यामुळे जपून चालणं तिच्या मुळातच आहे. घाईत चौकट गाळू नका. भातशेताच्या जागी नुसतं 'शेत' म्हणा, ऊस की शाळू ते त्या ठरवतील.

तक्ता मात्र शोधू नका. आमच्याकडे कागद-खडू दिले की बऱ्याच बायका आधी ठिपके मांडून रांगोळी काढायच्या. 'मनातलं काढा' म्हटलं की हात थांबायचा, रांगोळीत मात्र हळूहळू बोलणं सुरू व्हायचं. काळ्या खडूने काढलेली रांगोळी मी कितीदा पाहिलीय, कारण पांढरा खडू पांढऱ्या कागदावर दिसत नाही!

ब्राझीलच्या डॉ. नीझे दा सिल्व्हेरा यांच्याबद्दल जरूर वाचा. विजेचे झटके द्यायला त्यांनी नकार दिला आणि 1946 मध्ये रिओच्या मनोरुग्णालयात चित्रशाळा उघडली. 1952 मध्ये त्या चित्रांचं संग्रहालय झालं. एकाच माणसाची चित्रं क्रमाने, सलग बघायची हा त्यांचा आग्रह. एक कागद उचलून निदान सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सूर्या_काठ (डहाणू)
वाळवणताईंशी सहमत. शहरातल्या शिबिरांत 'ताण घालवायला वारली' शिकवतात, त्यावर थोडं. आमच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ, मधे पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ते एकट्याने बसून मन मोकळं करायचं काम नाही, सगळं घर भोवती असतं. प्रबंधात वारली घेणार असाल तर हे लिहा, नाहीतर उरतात फक्त त्रिकोणी माणसं. गटात विधवा बाई असेल तर तिला चौक काढायला सांगण्याआधी दहादा विचार करा.

मृद्गंध
दोघांचेही मनापासून आभार. तक्त्याचा विचार सोडला. ताई, एखादी 'नदी नको' म्हणाली तर पुढचा शब्द सांगायचा की तिथेच थांबायचं?

वाळवण
'बरं, राहू दे' म्हणायचं, क्षणभर गप्प बसायचं आणि विचारायचं, पुढे जाऊ या का? हो म्हणाली तर डोंगर. नाही म्हणाली तर खडू बाजूला ठेवून चहा. नदी काढली नाही एवढंच तारखेसह लिहा, कारण विचारत बसू नका. आपण होऊन सांगितलं तर ऐका.

सुरू करण्याआधी नैतिक समितीची मंजुरी घ्या. चित्र कुणाकडे राहणार, फोटो काढायचा की नाही, हे प्रत्येकीला मराठीत समजावून संमती घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने त्यांना गोपनीयतेचा हक्क दिलाय. मूळ चित्र घरी न्यायचं असेल तर नेऊ द्या. आणि सेंटरच्या समुपदेशक त्या दिवशी तिथे हव्यातच. चित्र काढताना कुणाला पूर आठवून रडू फुटलं तर तिच्याजवळ कोण बसणार, हे तुमच्या दोघींत आधी ठरलेलं असू द्या.