मदत हवी आहे: बाबांच्या सायकलला कॅमेरा बसवायचाय. कोणता, कुठे, आणि रेकॉर्डिंग पोलिसांत चालेल असं कसं जपायचं?

नमस्कार. मी बडोद्याची, कारेलीबागेत राहते. बाबा ६८ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी फत्तेगंज, निझामपुरा करत छाणी जकातनाक्यापर्यंत सायकलने जातात, येताना भाजी आणतात. सायकल गिअरची नाही, साधी दांड्याची. मागे कॅरियर आणि स्टँड.

दिवाळीनंतर निझामपुऱ्याच्या रस्त्यावर मागून आलेली एक गाडी इतकी घासून गेली की तिचा डावा आरसा बाबांच्या हँडलला लागला. बाबा पडले, मनगटाचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. बाबांना एवढंच आठवतं की गाडी पांढरी होती आणि नंबर जीजे ०६ ने सुरू होत होता. बडोद्यात अशा गाड्या किती असतील ते इथल्या माणसांना सांगायला नको. आसपासच्या दुकानांत विचारलं. एकाचा कॅमेरा स्वतःच्या शटरकडे वळवलेला, दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आम्ही पोचेपर्यंत पुसून त्यावर नवीन चढलेलं. चौकीवर अरजी घेतली, पण नंबर असल्याशिवाय पुढे काही होणं कठीण आहे असं सांगितलं.

आता प्लास्टर निघालंय आणि बाबांना पुन्हा सायकल हवी आहे. आई नको म्हणते. मला बाबांचं म्हणणं पटतं, कारण सायकल बंद झाल्यापासून ते दिवसभर खुर्चीत बसून असतात आणि ते मला बघवत नाही. आईने शेवटी कॅमेऱ्याच्या अटीवर होकार दिला. मला व्हिडिओ कुठे टाकायचे नाहीत. पुन्हा असं काही झालं तर नंबर हातात असावा आणि तो कोणी नाकारू नये, एवढंच हवं. एकच कॅमेरा परवडणार असेल तर पुढे लावू की मागे? हेल्मेटवर लावला तर? बाबांना मोबाइलवरचं अॅप वगैरे जमणार नाही. आणि रेकॉर्डिंग मिळालं तरी ते पुरावा म्हणून कसं द्यायचं? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद – चाकावरचा

ताई, काकांना आधी नमस्कार सांगा.

एकच घेणार असाल तर माझं मत मागे. पुढचा कॅमेरा ओलांडून गेलेल्या गाडीची मागची नंबराची पाटी टिपतो हे खरं, पण धक्का लागून सायकल पडली की तो आकाश किंवा गटार दाखवत बसतो. नेमक्या ज्या क्षणी नंबर हवा तोच जातो. मागच्या कॅमेऱ्याने गाडी जवळ येतानाच तिची पुढची पाटी टिपलेली असते, आणि ती किती वेगाने, किती जवळून आली हेही दिसतं. हेल्मेटवरचा कॅमेरा माणूस बघेल तिकडेच बघतो, मागून येणारं त्याला दिसत नाही. शिवाय या वयात डोक्यावर वजन नको.

गोप्रो, इन्स्टा३६०, डीजेआयचा अॅक्शन, या छोट्या अॅक्शन कॅमेऱ्यांपैकी कोणताही चालेल, जुनं मॉडेलसुद्धा. गोप्रोत एक सोय आहे: कॅमेरा बंद असताना वरचं एक बटण दाबलं की चालू होऊन लगेच रेकॉर्डिंग सुरू होतं. काकांना तेवढंच शिकवा. सायकलचा मागचा दिवा, रडार आणि कॅमेरा एकत्र असलेलं गार्मिनचं व्हॅरियाही मिळतं, पण तुमच्या कामाला ते महाग पडेल. मोटारीचा स्वस्त डॅशकॅम लावा असं कुणी सुचवेल. तो सतत बाहेरच्या विजेवर चालतो आणि पावसात टिकत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

आता सेटिंग, कारण खरी गोम इथे आहे. या कॅमेऱ्यांची भिंगं फार रुंद बघतात, त्यामुळे पाटी चित्रात अगदी बारीक येते. रुंद कोन काढून ‘लिनियर’ ठेवा. ४के, म्हणजे १०८० पेक्षा जास्त बारकाव्याच्या चित्रात, पाटी वाचायला सोपी जाते, पण बॅटरी लवकर उतरते आणि बडोद्याच्या मे महिन्यात कॅमेरा तापून बंद पडू शकतो. तासाभराच्या फेरीला हिवाळ्यात ४के, उन्हाळ्यात १०८०, असं मी करतो. ‘लूप’ चालू ठेवा. मग रेकॉर्डिंगचे तुकडे पडत जातात आणि सर्वात जुना तुकडा आपोआप पुसला जातो. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या, साधं कार्ड सारखं पुसून-लिहून लवकर मरतं. आणि तारीख-वेळ बरोबर आहे का ते दर आठवड्याला बघा. बॅटरी पूर्ण उतरली की कधीकधी घड्याळ मागे जातं, आणि चुकीच्या तारखेचा व्हिडिओ समोरचा वकील पहिल्याच फटक्यात उडवेल.

जानेवारीत बडोद्यात सूर्य सातनंतर उगवतो. काका त्याआधी निघत असतील तर कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अंधारात शटर मंद होतं आणि चालती पाटी फराटा होऊन जाते. नव्या पाट्या प्रकाश परावर्तित करणाऱ्या असतात, त्यामुळे मागच्या गाडीच्या दिव्यात त्या पांढऱ्याफेक दिसतात. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे: नंबर दिसला की तो मोठ्याने म्हणायचा. माइक चालू असतोच. पडल्यावर, घाबरल्यावर माणूस विसरतो, रेकॉर्डिंग विसरत नाही.

प्रतिसाद – काळा कोट

मी वकिली करतो, गुजरातबाहेर. धाग्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून जातेय म्हणून लिहितो.

ताई, अरजी म्हणजे एफआयआर नव्हे. हाड मोडलं आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत ही गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आणि बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ लागू होऊ शकतं. गाडी सापडली नसली तरी अज्ञात चालकाविरुद्ध एफआयआर होतो. तो नोंदवून घ्या, त्याची प्रत फुकट मिळते. याचा उपयोग आजच आहे: धडक देऊन पळालेली गाडी सापडत नसेल तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये भरपाई मिळते. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे तुमच्याकडे प्रांत किंवा मामलतदार कचेरीत चौकशी करा. दवाखान्याचे कागद आणि एफआयआर जोडावे लागतात.

रेकॉर्डिंगबद्दल. अशा पुराव्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५ब. रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत एक प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं ‘हॅश’ लिहायचं असतं. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला आकडा. फाइलमधलं काहीही बदललं की तो बदलतो. म्हणून व्हिडिओ कापू नका, उजळ करू नका, आणि मूळ म्हणून व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत देऊ नका, कारण तिथे फाइल दाबून लहान केली जाते. घटना घडली की कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, जशीच्या तशी एक प्रत संगणकावर घ्या आणि मूळ कार्ड पाकिटात बंद करून ठेवा. ते पुन्हा वापरू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाखाली सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र लागतंच, पण मूळ यंत्रच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर त्याची गरज नाही. मूळ कार्ड जपायचं ते यासाठी.

प्रतिसाद – परदेशी पेडल

मूळ दांडिया बाजारचा, आता इंग्लंडमध्ये. इकडे सायकलवाल्यांचे व्हिडिओ पोलीस ऑनलाइन घेतात. २०१६ मध्ये नॉर्थ वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू झालं, मग बाकीच्या भागांत पसरलं. गाडीच्या मालकाला १४ दिवसांत नोटीस जावी लागते, त्यामुळे व्हिडिओ लगेच पाठवायचा. इथल्या वाहतुकीच्या नियमावलीत सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे असं पोर्टल सर्वत्र व्हायला हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भरपाईच्या योजनेबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच चौकीवर एफआयआरसाठी जाते, भाऊ बरोबर येतोय. बाबांना नंबर मोठ्याने म्हणायचं सांगितलं तर आजपासूनच गॅलरीतून सराव चालू झालाय.

बाबांची एक हरकत आहे आणि ती मला योग्य वाटते: रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे चेहरे घरात साठवून ठेवायचे नाहीत. लूपमुळे ते आपोआप पुसले जातील, हे ऐकून ते तयार झाले.

आता एकच अडचण. बाजारातले सगळे क्लॅम्प हँडल किंवा सीटच्या नळीसाठी आहेत. आमच्या सायकलच्या सीटखाली स्प्रिंगा आहेत आणि मागे कॅरियर भाजीच्या पिशवीने झाकला जातो. मडगार्डला लावला तर खडखडाटाने पाटी वाचता येईल का? कुणी दांड्याच्या सायकलला बसवला असेल तर फोटो टाकाल का?