ऑनलाइन व्हिडिओ उतरवून घ्यायला आणि स्रोत नोंदवायला काय वापरता? (बजेट ५०० रु.)

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. सोसायटीत पानशेतच्या पुरावर (१२ जुलै १९६१) छोटं प्रदर्शन करायचंय. यूट्यूबवर जुन्या पुणेकरांच्या मुलाखती, थोडंफार चित्रण सापडलंय. पण एकच तुकडा दहा जणांनी चढवलाय, कुणी संगीत घातलंय, कुणी आपला लोगो चिकटवलाय. कुठून, कधी घेतला ही नोंद व्हिडिओसोबतच राहील असं काही आहे का? लॅपटॉप जुना, विंडोज, ४ जीबी रॅम.

कोथरूडचा काका
४ टीबीची एसएसडी घ्या. मी घेतली, डोकं शांत.

मुठाकाठची
काका, बजेट ५०० आहे.

कोथरूडचा काका
चांगल्या वस्तूला पैसे पडतातच.

काळी खिडकी
वायटी-डीएलपी, व्हिडिओ उतरवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, पण कमांड टाइप करावी लागते. 'राइट इन्फो जेसन' हा पर्याय लावा, म्हणजे व्हिडिओशेजारी एक फाइल पडते. चॅनेल, चढवल्याची तारीख, वर्णन, दुवा सगळं तिच्यात. 'डाउनलोड अर्काइव्ह' दिलंत तर एकदा उतरवलेलं परत उतरत नाही. सोबत एफएफएमपेग हा दुसरा प्रोग्रॅम हवाच, त्याशिवाय चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज जोडले जात नाहीत. आणि फाइलच्या नावातला ११ अक्षरी आयडी पुसू नका, व्हिडिओचं नाव बदललं तरी त्यावरून सापडतो.

नारायण पेठी
+१ वायटी-डीएलपी. आम्ही हिच्या आईपासून, म्हणजे यूट्यूब-डीएलपासून वापरतोय. ऑक्टोबर २०२० मध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहबने (प्रोग्रॅमचे कोड ठेवायची साइट) ते उडवलं, नोव्हेंबरात परत आणलं, तेव्हाही आम्ही होतो.
लिनक्सवाल्यांसाठी: फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. ८५ चिन्हांत खेळ खलास. मराठी शीर्षकं किती लांबलचक असतात ते सांगायला नको.

आजोबा ६१
आमच्या वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. एका व्हिडिओखाली 'बालगंधर्व रंगमंदिरात शिरलेलं पाणी' असं लिहिलंय! रंगमंदिर झालं १९६८ साली. १९६१ ला पाणी कुठे शिरणार, पायाच्या खड्ड्यात?

नारायण पेठी
आजोबा, पहिला मजला म्हणजे तळमजला धरून की सोडून?

आजोबा ६१
सोडून. वाड्यात राहिलायत का कधी?

काळी खिडकी
विषयावर या.

हार्डडिस्क गेली
कशावरही उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. रस्त्यावर '२ टीबी'चा पेन ड्राइव्ह स्वस्तात घेतला. कॉपी होताना सगळं हिरवंगार, उघडायला गेलो तर निम्म्या फायली रिकाम्या. भाचीच्या लग्नाचं चित्रीकरण गेलं, ताई अजून बोलत नाही.

प्रबंधग्रस्त
झोटेरो बघा, संदर्भ नोंदवायचा प्रोग्रॅम, फुकट आहे. ब्राउझरमधून एक बटण दाबलं की दुवा, शीर्षक, पाहिल्याची तारीख नोंदली जाते, शेरेही लिहिता येतात. मात्र आजोबांनी खरं दुखणं दाखवलंय. यंत्र सांगेल कुणी *चढवला*. *चित्रण* कुणाचं हे त्या जेसन फाइलमध्ये नसतं. त्यासाठी खालच्या प्रतिक्रिया वाचा, 'हे माझ्या काकांनी काढलंय' असं कुणीतरी तिथेच भांडत असतं.

नियमावली
यूट्यूबच्या अटींमध्ये असं उतरवणं बसत नाही. प्रदर्शनात लावणार असाल तर परवानगीही लागेल. कुणीच बोललं नाही म्हणून लिहिलं.

कोथरूडचा काका
सध्या एसएसडीवर सवलत चालू आहे.

मुठाकाठची
सगळ्यांचे आभार. काल वायटी-डीएलपी बसवलं, चाललंही. तरी ते वापरणार नाहीये. चॅनेलवाल्यांना थेट लिहायला घेतलंय. एक गृहस्थ एरंडवण्यातच निघाले. त्यांच्याकडे मूळ फाइल आहे, लोगोशिवाय, आणि ती कुणी चित्रित केली हेही त्यांना ठाऊक आहे. नोंदींसाठी लांब वही आणलीय: दुवा, कुणी दिलं, कधी, परवानगी तोंडी की लेखी. उरलेल्या पैशांत पेढे नेणार.

काळी खिडकी
वही??

प्रबंधग्रस्त
परवानगी लेखीच घ्या, दोन ओळींची ईमेलही चालते. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्हिडिओ' म्हणून मागू नका, दाबून बारीक होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी येते.