संदर्भ भरपूर, तरी इतिहासाचा निबंध परत आला. काय करू?

डिचोलीची विद्यार्थिनी
नमस्कार. टीवायबीएला आहे, विषय इतिहास. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश (केंद्रशासित) ठेवायचा यावर १९६७ मध्ये मतदान झालं, त्या जनमत कौलावर दीड हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. पहिला मसुदा परत आला, समासात शेरा: "माहिती आहे, मुद्दा कुठे?" सुरुवात अशी केली होती: "गोव्याच्या इतिहासात जनमत कौलाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." पुढे १९६१ पासून १९८७ पर्यंत सगळं क्रमाने लिहिलंय, तारखा तपासून घेतल्यात. आणखी संदर्भ घालू का?

निवृत्त शिक्षक, फोंडा
नको, बाय. आहेत तेच कामाला लाव.

तुझ्या पहिल्या वाक्यात जनमत कौलाच्या जागी दुसरी कुठलीही घटना घाल, वाक्य तसंच चालतं. ज्याला कुणी "नाही" म्हणूच शकत नाही, त्यावर दीड हजार शब्द उभे राहत नाहीत. आधी तुझ्याच माहितीत न जुळणारं काय आहे ते शोध. १६ जानेवारी १९६७ रोजी संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आणि लगेच मार्चमधल्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षालाच परत सत्ता दिली, ज्याची मुख्य मागणीच विलीनीकरणाची होती! असं का झालं? तुझं उत्तर एका वाक्यात लिही. तोच मुद्दा.

मग प्रत्येक परिच्छेदाला विचार, तू ह्या उत्तराला काय देतोस? दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कूळ कायदा इथे हवा, कारण बहुजन समाज मगोचे नेते, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना का धरून राहिला हे त्यावरून मांडता येईल. १९८७ चं घटक राज्य कशाला? काढ. मेहनतीने लिहिलेलं काढायला जिवावर येतं, तरी काढ.

मी निबंध तपासायला घेतला की आधी परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं ओळीने वाचायचो. तिथे युक्तिवाद दिसला नाही तर आतही क्वचितच सापडायचा. बहुतेक मुलं पहिल्या वाक्यात तारीख लिहितात. तिथे तुझं म्हणणं येऊ दे, तारीख मागाहून.

एमए करणारी, ताळगाव
सरांचं पटलं, पण उत्तर पक्कं ठरवून वाचायला बसू नको, मग सोयीचं तेवढंच दिसतं. त्या काळातले 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' शेजारी ठेवून वाच. दोन्ही मराठी दैनिकं, पहिलं विलीनीकरणाच्या बाजूचं, दुसरं कट्टर विरोधात. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत विचारून बघ. टिपण काढतानाच तारीख आणि पान लिहून ठेव. आणि अवतरण टाकून पुढे पळू नको, त्यातून काय निघतं ते स्वतःच्या शब्दांत सांग.

डिचोलीची विद्यार्थिनी
थँक्यू सर, ताई. असं चालेल? "१९६७ मध्ये गोव्याच्या लोकांनी विलीनीकरण नाकारलं, मगो पक्षाला नाही; कूळ कायद्याने दिलेला आधार त्यांना विलीनीकरणापेक्षा मोलाचा वाटला."

निवृत्त शिक्षक, फोंडा
चालेल. ह्यावर वाद घालता येतो, म्हणजे निबंधही लिहिता येईल. फक्त "गोव्याच्या लोकांनी" असं एकगठ्ठा लिहू नको. पेडणे तालुका विलीनीकरणाच्या बाजूला होता, सासष्टी तालुका ठाम विरोधात. तालुकावार आकडे काढ आणि एक अख्खा परिच्छेद त्यांना दे.