मदत हवी आहे: तीन लाखांच्या आत, घाट चढेल अशी वापरलेली छोटी गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांना उपचारांसाठी ठरावीक काळाने कराडला न्यावे लागते. आजवर भाड्याच्या गाडीने जात आलो, परंतु तो खर्च आता झेपेनासा झाल्याने वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घेण्याचे आम्ही ठरवले आहे. मर्यादा तीन लाख रुपयांची आहे. गाडी नावावर करणे, विमा आणि सुरुवातीची दुरुस्ती हे सारे त्यातच बसवायचे आहे. कर्ज काढायचे नाही.

आमची गरज नेमकी सांगते. एरवी गाडी गावातच फिरेल, परंतु कराडला जाताना चार माणसे, घडीची चाकांची खुर्ची आणि एसी यांसह कुंभार्ली घाट चढावा लागेल. वडिलांना खाली वाकून बसता येत नाही, त्यामुळे सीटची उंची महत्त्वाची आहे. डिझेलचा विचार आम्ही सोडला आहे, कारण आमचे फिरणे कमी आणि जुन्या डिझेल गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मोठा. सीएनजीची टाकी डिकीत बसली की खुर्चीला जागा उरत नाही, म्हणून तोही पर्याय बाद केला.

सध्या तीन गाड्या समोर आहेत. पहिली, २०१४ ची वॅगन आर व्हीएक्सआय, एमएच-०८ पासिंग, दुसरा मालक, ६२ हजार किलोमीटर, मागणी २ लाख ८० हजार. दुसरी, २०१२ ची ह्युंदाई आय-१०, १.२ लिटर इंजिनाची, पुण्याची, एकच मालक, ७८ हजार किलोमीटर, मागणी २ लाख ३० हजार. तिसरी, २०१७ ची ऑल्टो ८००, साताऱ्याची, एकच मालक, ४१ हजार किलोमीटर, मागणी २ लाख ७० हजार. घरातील बहुतेकांचे मत ऑल्टोकडे झुकते, कारण ती सर्वांत नवी आणि सर्वांत कमी चाललेली आहे.

माझी खरी चिंता वॅगन आरबद्दल आहे. वडिलांना बसण्या-उठण्यासाठी तीच सर्वांत सोयीची वाटली, परंतु ती चिपळूणचीच आहे आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि वस्त्यांत किती चढले होते, ते येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी त्या वेळी वरच्या भागात होती, असे विकणारे गृहस्थ सांगतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याची इच्छा नाही, तरीही वडिलांना घेऊन घाटात अडकण्याची जोखीम मी घेऊ शकत नाही. पुरात बुडालेली गाडी चार-पाच वर्षांनंतर ओळखता येते का? आणि अशा रस्त्यासाठी नवी ऑल्टो योग्य, की जुनी पण मोठ्या इंजिनाची गाडी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी कराड भागात गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या नेहमी पाहतो. आपल्या वापरासाठी ऑल्टो ८०० घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे इंजिन ७९६ सीसीचे आणि साधारण ४८ अश्वशक्तीचे आहे. वॅगन आरचे ९९८ सीसीचे इंजिन सुमारे ६८ आणि १.२ लिटरची आय-१० सुमारे ८० अश्वशक्ती देते. गावात हा फरक जाणवत नाही, परंतु चार माणसे आणि एसी यांसह वळणावर चढ आला की ऑल्टोला पहिल्या गिअरमध्ये ओढावे लागते, अर्ध्या क्लचवर गाडी राहते आणि क्लचप्लेट लवकर जाते. शिवाय त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका लयीत फिरवणारा पट्टा आहे. तो ठरलेल्या अंतराने बदलावा लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर गाडी जागीच बंद पडते. वॅगन आरच्या के-१० इंजिनाला आणि आय-१० च्या ‘कप्पा’ नावाच्या १.२ लिटर इंजिनाला बेल्टऐवजी चेन असते, त्यामुळे ही काळजी बरीच कमी होते. मात्र आय-१० चे १.१ लिटरचे इंजिन बेल्टचे आहे आणि दोन्ही इंजिनांच्या आय-१० बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून आरसीवर ११९७ सीसी लिहिले आहे ना, हे आधी पाहावे.

पुराबद्दल. वरवरची स्वच्छता करून अशी गाडी चकचकीत करता येते, परंतु पाणी जिथे जाते तिथे हात पोहोचत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा. आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर संशय पक्का समजावा. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, हेडलाइटची आतली बाजू आणि डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर तपासावेत. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर असेल तर ती गाडी इतर बाबतीत कितीही चांगली असली तरी सोडून द्यावी, कारण असा वायरिंगचा दोष कधी डोके वर काढेल ते सांगता येत नाही आणि शोधताना मेकॅनिकही थकतो. दाराच्या पत्र्यावरचा साधा गंज मात्र कोकणातल्या दमट हवेतही येतो. त्यावरून पुराचा निष्कर्ष काढू नये. आणि पुण्याची गाडी म्हणून ती पुरातली नसेलच, असेही धरू नये. बुडालेल्या गाड्या दूरच्या शहरात विकल्या जातात.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधी चालू करून ठेवू नये, असे सांगून जावे. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते आहे. त्यानंतर पोफळीच्या पुढे घाट सुरू होतो तिथपर्यंत न्यावी आणि एसी लावून निम्मा घाट चढून यावा. तापमानाचा दिवा, क्लचचा वास आणि उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले की बरेचसे कळते. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे टायर घाटासाठी बदललेलेच बरे. त्यासाठी आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी किमान तीस-चाळीस हजार बाजूला ठेवावेत, म्हणजे गाडीची किंमत अडीच लाखांच्या फार पुढे जाऊ देऊ नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कागदपत्रांविषयी थोडी भर घालतो.

वॅगन आरच्या २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या विमा पॉलिसी मागून घ्याव्यात. आधीच्या वर्षी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळत होता आणि पुरानंतरच्या नूतनीकरणात तो शून्यावर आला असेल, तर मधल्या काळात दावा झाला असण्याची शक्यता आहे आणि तो झाला का व कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर ही खूण मिळणार नाही. तेव्हा मालकांना सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी पाहाव्यात. किलोमीटरचा आकडा खरा आहे की नाही, तेही तिथेच कळते.

आय-१० ची १५ वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे पाच हजार रुपये शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर असा खर्च येईल, तो आजच किमतीतून कमी करून मागावा. गाडीवर कर्जाची नोंद असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत ई-चलन एमपरिवहन अॅपवर पाहता येते. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की अर्ज लगेच दाखल करावा. नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावरच अपघाताची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे ही घाई विकणाऱ्याच्याही हिताची आहे आणि टाळाटाळ करणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही, हे हिशेबात धरावे.

सीटच्या उंचीचा विचार करता वॅगन आर तपासणीत स्वच्छ निघाली तर तीच घ्यावी, असे मला वाटते. आय-१० घ्यायची झाल्यास वडिलांना एकदा प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.